रमाबाईंच्या मागे काय राहिलं

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलात की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. नगरचं केडगाव नाही हं, लोक नेहमी घोळ घालतात. इथे उतरून मुक्ती मिशन कुठे आहे विचारा, कोणीही हात करून दाखवेल. निराधार बायका-मुलींची ही संस्था, सव्वाशे वर्षं झाली, अजून चालू आहे. आणि जिने ती उभी केली तिला वडिलोपार्जित काही मिळालं नव्हतं, मागे वारसही उरला नाही.

पंडिता रमाबाई, जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांच्या शिव्या खाल्लेला माणूस. 1874 च्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली, रमाबाई तेव्हा 16 वर्षांच्या. त्या दुष्काळात पाणी आणि झाडपाल्यावर 11 दिवस काढले असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. मग भावाबरोबर चालत चालत कलकत्ता, तिथे 1878 मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी झाली, नवराही गेला. वय 23, कडेवर मनोरमा.

1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गदारोळ, म्हणे बाई गोऱ्यांच्या हातातलं बाहुलं झाली. बाहुलं कसलं! ज्या सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच पत्रातून वाद घालत होत्या. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती तर यांचं म्हणणं, लॅटिन मला कळत नाही, आमच्या संस्कृतमध्ये काय वाईट आहे? मला विचाराल तर या बाईंची श्रद्धा समजून घ्यायला हा एक किस्सा पुरे. येशूला मानलं ते मनापासून, पण स्वतःची अक्कल कोणाकडे गहाण टाकली नाही.

अमेरिकेत फिरून, भाषणं देऊन त्यांनी पैसे उभे केले, तिथल्या लोकांनी 10 वर्षं मदत कबूल केली, आणि 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. ती ख्रिस्ती झाली नाही. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचं लग्न झालं, आणि पुढे कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी हीच आनंदीबाई कर्वे वर्गणी मागत फिरली. म्हणजे रमाबाईंचं काम चर्चच्या कुंपणाबाहेर पण गेलं, आणि ते मोजताना कोणी धरत नाही. त्याच 1893 मध्ये मुलींना बाटवतात म्हणून बोभाटा झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखी माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली.

अमेरिकेची मदत थांबली तर काय, म्हणून केडगावला जमीन घेतली होती, फळबाग लावायला. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, आधी थोड्या, मग शेकड्यांनी. फळबागेच्या जागेवर विहिरी, झोपड्या, शाळा, विणकाम, गोठा, छापखाना सगळं उभं राहिलं, हेच ते मुक्ती मिशन. ते 11 दिवस बाई विसरल्या नव्हत्या.

छापखान्यात जरा थांबूया. शिशाचे खिळे, प्रत्येकावर अक्षर उलटं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षराचा तुकडा वेगळा, एकेक उचलून ओळ जुळवायची आणि ती डोळ्यांनी उलटी वाचायची. हे काम करणाऱ्या मुली दुष्काळातून आल्या तेव्हा बऱ्याच जणींना अक्षरओळख पण नव्हती. आणि त्या जुळवत काय होत्या, तर बायबल! आधीचं मराठी बायबल साध्या बायकांना जड जातं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषेवरून सोप्या मराठीत उतरवायला बसल्या, आणि अनेक वर्षं त्यातच होत्या.

काम सांभाळायला मनोरमा होती. अमेरिकेत शिकून आलेली, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवणारी, सगळे तिलाच पुढची बाई समजत होते. 1921 मध्ये ती 40 व्या वर्षी गेली. लेकीला पुरून आल्यावर रमाबाई पुन्हा प्रुफं घेऊन बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या.

बायबल बाहेर पडलं 1924 मध्ये. तोवर मायलेकी दोघीही नव्हत्या. छापखान्यातल्या मुली होत्या, उरलेलं काम त्यांनी केलं, मोठे ताव छापले, घड्या घातल्या, पुठ्ठे बांधले.