झोजिलाची पाळी आणि चेन

नमस्कार मंडळी. आज बोलूया श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या मालट्रकांबद्दल, म्हणजे मुख्यतः झोजिला घाटाबद्दल. उंची साडेअकरा हजार फुटांच्या वर, एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. एकेरी रस्ता म्हणा ना. म्हणून अवजड गाड्यांना तिथे पाळी असते, साधारणपणे एक दिवस काश्मीरच्या बाजूच्या सोनमर्गकडून वर, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या, लडाखच्या बाजूच्या मिनामर्गकडून खाली. आणि कट-ऑफ टाइम, त्यानंतर आलात तर थांबा. पुन्हा सांगतो, आज हे, उद्या ते, आणि बर्फ असेल तर टायरला चेन, म्हणजे चाक घसरू नये म्हणून वरून चढवायची लोखंडी साखळी, पाहिजेच.

आता या चेनचाच किस्सा. आम्ही सोनमर्गला अडकलेलो, बर्फ पडलेला म्हणून छोट्या गाड्याही थांबवल्या होत्या, आणि समोर ट्रकांची ही लांब रांग. पोलीस एकेकाला विचारतोय, चेन आहे का. एक ड्रायव्हर, कांद्याच्या गोण्या भरलेल्या, एकदम ऐटीत म्हणाला, "है ना साहब!" आणि हुकाला टांगलेली गंजकी चेन खुळखुळवून दाखवली. पोलीस पक्का. म्हणाला, लावून दाखव. झालं! क्लीनर खाली उतरला, चेन टायरवर टाकली, ओढली, पुन्हा ओढली, ती काही निम्म्याच्या पुढे जाईना. जीपची चेन होती हो ती! मागचे ड्रायव्हर हसून बेजार, एकजण म्हणाला गळ्यात घाल आता. हा मात्र पोलिसाला पटवतोय की थंडीनं लोखंड आकसतं साहेब. गाडी बाजूला लागली, कट-ऑफ गेला, आणि दुसरा दिवस समोरच्यांचा, म्हणजे एका चेनपायी दोन दिवस गेले. पण पठ्ठ्यानं काय करावं? दुसऱ्या दिवशी वरून उतरलेल्या एका ट्रकवाल्याशी घासाघीस करून त्याचीच चेन विकत घेतली, वर त्याला अर्धी गोण कांदे दिले. ते कांदे कुणाचे, ते व्यापाऱ्याला ठाऊक!

बरं, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. चांगलं आहे, नागपूरच्या उन्हात ड्रायव्हर भाजून निघतो, पण मी म्हणतो घाटापलीकडच्या द्रासच्या कडाक्याच्या थंडीतल्या ड्रायव्हरला हीटरचं काय? आणि आपले लोक खंबाटकीत हॉर्न वाजवून ट्रक उडून जाईल असं समजतात, त्यांना महिनाभर झोजिलाच्या रांगेत बसवलं पाहिजे. असो.

वेळ कमी आहे, डिझेलचं पटकन सांगतो. आपलं खोबरेल थंडीत बाटलीत गोठतं ना, तसंच डिझेलमधलं मेण धरतं, फिल्टर चोंदतो, गाडी बंद. पूर्वी टाकीखाली स्टोव्ह नाहीतर शेकोटी पेटवायचे, केवढा धोका! नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. उणे ३३, बरं का. पूर्वी हा घाट हिवाळ्यात चार-पाच महिने बंद असायचा, २०२५ मध्ये फक्त ३२ दिवस बंद होता, सीमा सडक संघटनेनं १ एप्रिलला खुला केला. त्यामुळं आता भर थंडीतही ट्रक जातात आणि हे डिझेल, ही चेन, यांचं काम वाढलंय.

कुणी नातेवाईक तिकडे गाडी घेऊन निघाले असतील तर एवढं सांगा, चेन घरीच एकदा टायरवर चढवून बघा. येतो मंडळी, नमस्कार.