म्युस्कादे : कालवांसोबत प्यायची वाइन

हा ग्लास जरा उजेडात धरून बघा. रंग जवळपास नाहीच, अगदी फिका, हिरवट झाक असलेला पिवळा. नाकाशी नेला तर आधी काहीच येत नाही, मग थोडं हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि ओल्या दगडाला येतो तसा एक वास. बस, एवढंच. इथेच बरेच जण म्हणतात की या वाइनमध्ये काही दम नाही. मीपण पहिल्यांदा तेच म्हणालो होतो, कारण तेव्हा मी ती नुसतीच प्यायलो होतो, सोबत खायला काहीच नव्हतं.

आपण आहोत फ्रान्सच्या पश्चिमेला, नांत शहराजवळ. ल्वार नदी अटलांटिकला मिळायच्या थोडं आधी हे शहर लागतं. नाशिकला जे शेनिन ब्लां लावतात ना, ते द्राक्षही मूळ याच ल्वारच्या खोऱ्यातलं, पण ते नदीच्या वरच्या अंगाला. इथे समुद्राजवळ राज्य आहे म्युस्कादेचं. नाव ऐकून मस्कॅट वाटतं पण त्या सुगंधी द्राक्षाशी हिचा काही संबंध नाही. हिचं द्राक्ष मेलाँ द बुर्गोन्य, म्हणजे मुळात बर्गंडीचं, तिकडून आलेलं.

ते इथे रुजलं त्यामागे थंडी आहे. 1709 चा हिवाळा, राजा चौदावा लुई अजून गादीवर होता, आणि युरोपभर अशी थंडी पडली की नद्या गोठल्या, इथल्या द्राक्षबागाच्या बागा मेल्या. नव्याने लावायची वेळ आली तेव्हा हे मेलाँ कामाला आलं, कारण ते थंडीला बऱ्यापैकी टिकतं. शिवाय डच व्यापारी इथून हलकी पांढरी वाइन न्यायचे, ब्रँडी गाळायला, त्यांना अशीच साधी वाइन हवी होती. म्हणजे जी वाइन गाळण्यासाठी विकली जायची तीच आज आपण ग्लासात घेऊन बसलोय. 1936 मध्ये सेव्र ए मेन या भागाला स्वतःचं अधिकृत नाव मिळालं, सेव्र आणि मेन या इथल्या दोन नद्या.

बाटलीवर अजून दोन शब्द शोधायचे : स्युर ली. म्हणजे गाळावर. द्राक्षाचा रस आंबून झाला की यीस्ट मरून तळाला बसतं, बाकी ठिकाणी पांढरी वाइन बऱ्याचदा लवकर त्या गाळावरून काढून घेतात, इथे मात्र ती निदान एक हिवाळा तशीच गाळावर ठेवतात, बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या टाक्यांमध्ये, आणि मग तिथूनच थेट बाटलीत भरतात. त्या मेलेल्या यीस्टमधून वाइनला एक भरीवपणा येतो, ताज्या पावासारखी चव येते, आणि थोडा वायू आत अडकून राहतो म्हणून जिभेवर अगदी बारीक चुरचुर होते. नाकाला काही न सांगणारी ही वाइन तोंडात बोलायला लागते ती या गाळामुळे.

आता कालवं. हो, ऑयस्टर म्हणजे आपली कालवंच, फरक एवढाच की कोकणात आपण ती शिजवून खातो आणि इथे बर्फावर मांडून कच्ची, जिवंतच, शिंपल्यातल्या खाऱ्या पाण्यासकट. नांतच्या दक्षिणेला बुर्गनफची खाडी आहे, तिथे त्यांची शेती चालते. एक कालव तोंडात घ्या, दोनदा तरी चावा, गिळून टाकू नका, आधी खारट लागेल, मग मागून गोडसर. आणि आता वाइनचा घोट. खारटपणा एकदम धुतला जातो पण गोडी राहते, आणि मघाशी जी वाइन पाणचट वाटली होती तिच्यात अचानक लिंबू दिसायला लागतं!

आपल्याला हे कळायला वेळ लागू नये खरं तर. तळलेल्या बोंबलावर लिंबू पिळतो, माशाच्या आमटीत कोकम घालतो, माशाला आंबट लागतंच हे आपल्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून माझं म्हणणं, कालवांवर लिंबू पिळू नका, ते काम वाइनला करू द्या. मालवणी तिखट रश्शासोबत मात्र ही नको, मसाला तिला पार गिळून टाकेल. साध्या मीठ-हळदीच्या, रवा लावलेल्या तुकडीसोबत बसेल. थंड हवी पण बर्फगार नको, आठ-दहा अंश पुरे.

नांतची दुसरी जोडी म्हणजे बर ब्लाँ, ल्वारमधल्या माशावर घालायचा लोण्याचा सॉस. बारीक चिरलेले छोटे कांदे व्हिनेगर आणि म्युस्कादेमध्ये आटवायचे, मग थंड लोणी थोडं थोडं घालत घोटायचं. 1890 च्या आसपास नदीकाठी खानावळ चालवणाऱ्या क्लेमाँस लफव्र या बाईंच्या हातून तो झाला असं सांगतात. लोणी जड, पण वाइनच्या आंबटपणाने पुढचा घास परत हलका होतो.

या सॉसला मी साधी म्युस्कादे घेणार नाही. 2011 पासून क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले या तीन गावांची नावं बाटलीवर स्वतंत्रपणे लावता येतात, क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची, गोर्जची गॅब्रोची, काळसर दगड तो. या वाइन गाळावर दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त राहतात. ही क्लिसाँची. रंग बघा, मघापेक्षा सोनेरी. पाच-दहा मिनिटं ग्लासात तशीच राहू दे, मासा येईपर्यंत, मग वास घ्या, पिकलेला नासपती येईल, थोडा मधही.