तारीख आपली, अर्ज कंपनीचा

नमस्कार श्रोतेहो.

गणपत गल्लीत भाजीला गेले की कुणी ना कुणी भेटतंच. "काय हो बाई, लेकीचं कार्ड झालं काय?" कार्ड म्हणजे ग्रीन कार्ड, अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, हे मला ठाऊक आहे. पण पिशवी हातात धरून रस्त्यात सांगण्यासारखं ते उत्तर नाही. आज आकाशवाणीने वेळ दिला आहे, तर नीट सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांतली पोरं बाहेर आहेत. त्यांच्या आईवडिलांना यातलं थोडं जरी कळलं, तरी फोनवरचं बोलणं बदलेल.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवलं. मुलगी इथेच इंजिनिअर झाली आणि 2010 साली एच-वन व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठीच्या ठरावीक मुदतीच्या व्हिसावर, अमेरिकेला गेली. आम्हाला वाटलं, नोकरी पक्की, पगार चांगला, आता कार्ड काय, तीनचार वर्षांत होईल. चूक होती. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डासाठी बहुतेकांना स्वतः अर्जच करता येत नाही. तो कंपनी करते, तिला वाटलं तर आणि तिला वाटेल तेव्हा.

कंपनीला आधी तिथल्या कामगार खात्याला दाखवावं लागतं की त्या भागातला चालू पगार देऊ करूनही या जागेला योग्य असा तिथला माणूस मिळाला नाही. त्यासाठी रविवारच्या वर्तमानपत्रात दोनदा जाहिरात द्यायची, राज्याच्या रोजगार कार्यालयात 30 दिवस जागा नोंदवून ठेवायची, आणखीही काही करायचं. याला पोरं 'पर्म' म्हणतात. तो अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तो दिवस म्हणजे प्रायॉरिटी डेट. रांगेतला आपला नंबर तो. पर्म मंजूर झालं की कंपनी आय-140 नावाचा दुसरा अर्ज करते. तो मंजूर झाला की मग वाट पाहायची.

माझ्या लेकीच्या पहिल्या कंपनीने चार वर्षं "पुढच्या वर्षी करू" म्हटलं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. एच-वन सहा वर्षांचा असतो. त्यातली चार अशी गेली आणि तिच्या नावाने एक कागद पुढे सरकला नाही. तिने नोकरी बदलली, दुसऱ्या कंपनीने फेब्रुवारी 2015 मध्ये पर्म दाखल केलं. ती चार वर्षं परत येत नाहीत. म्हणून सांगते, नोकरी स्वीकारतानाच विचारा: पर्म कधी सुरू करणार? आणि उत्तर लेखी घ्या. एचआरच्या बाई गोड बोलल्या म्हणून धरून बसू नका.

आता पुढचं लक्ष देऊन ऐका. आय-140 मंजूर होऊन 180 दिवस झाले, की नंतर कंपनीने अर्ज मागे घेतला तरी ती तारीख सहसा आपलीच राहते. नव्या कंपनीला पर्म आणि आय-140 पुन्हा करावं लागतं, पण नंबर जुनाच लागतो. मंजूर आय-140 च्या बळावर सहा वर्षांनंतरही एच-वन वाढतो. पण आय-140 मंजूर व्हायच्या आधी नोकरी गेली तर सगळं पहिल्यापासून. कुणाचा मुलगा नोकरीत दुखावला असेल, सोडतो म्हणत असेल, तर "सोड" किंवा "धरून राहा" म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा, आय-140 कुठे आहे?

रांग एवढी लांब का? नोकरीच्या वाटेची कार्डं साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला साधारण 1,40,000. त्यात बायको आणि मुलंही मोजतात. एका देशाला त्यातली 7 टक्के. भारतासारख्या देशाला तेवढीच आणि आपल्या जिल्ह्याहून लहान देशालाही तेवढीच. 2025 च्या उन्हाळ्यात भारतात जन्मलेल्यांच्या दुसऱ्या (उच्चशिक्षितांच्या) आणि तिसऱ्या (पदवीधर व कुशल कामगारांच्या) प्रवर्गात 2013 च्या तारखा चालू होत्या, म्हणजे 2013 साली अर्ज झालेल्यांचा नंबर तेव्हा लागत होता. इथे जन्मदेश बघतात, पासपोर्ट नव्हे. जावई किंवा सून मस्कतला, कुवेतला जन्मलेली असेल, वडील तिकडे कामाला होते म्हणून, तर नवराबायको दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. हे वकिलाला आवर्जून सांगा. तो आपणहून विचारेलच असं नाही.

उद्यमबागेतल्या फिटर, वेल्डर पोरांसाठी आणि नर्सिंग झालेल्या मुलींसाठी एक गोष्ट. अमेरिकेत पर्मचा आणि त्याच्या वकिलाचा खर्च कंपनीनेच करायचा, हा 2007 पासूनचा नियम आहे. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं आणि देणं, दोन्ही बेकायदा आहे. तेव्हा "स्पॉन्सर मिळवून देतो, इतके लाख ठेवा" असं कुणी म्हणालं, तर शेत गहाण टाकू नका.

आता आपल्या घरातलं काम. अगदी शेवटच्या टप्प्यावर जन्मदाखला लागतो आणि तिथे आपल्याकडची माणसं अडकतात. आपली नोंद कन्नडमध्ये, शाळा मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. 'प्रज्ञा' किंवा 'ज्ञानेश्वर' हीच नावं घ्या. मराठी शाळेच्या दाखल्यावर 'ज्ञ' डी-एन-वाय असा लिहिलेला असतो, कन्नडवरून इंग्रजी करणारा जे-एन लिहितो. तिकडचा अधिकारी म्हणतो, ही दोन माणसं. गावाचं नावही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 ला इंग्रजीतलं बेलगाम जाऊन बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदावर एक आणि नव्यावर दुसरं. खेड्यात घरीच बाळंतपण झालेल्यांची तर कित्येकदा नोंदच नसते, किंवा नोंद आहे आणि नावाची जागा कोरी. अशा वेळी निबंधकाकडून नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा, जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करायची, शाळेचा दाखला जोडायचा. कन्नड कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि खाली भाषांतरकाराची सही. हे सगळं महापालिकेत, ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून होतं, आणि ते हेलपाटे आपणच घालायचे असतात. आजीआजोबा हयात आहेत तोवर प्रतिज्ञापत्रं करून घ्या. तारीख लागली की मग धावपळीत चुका होतात.

माझी मोठी नात 2012 साली इथे, शहापूरच्या आमच्या घरी असताना जन्मली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, हा माझा हट्ट होता. धाकटा नातू तिकडे जन्मला, तो जन्मतःच तिथला नागरिक. नात मात्र आईच्या रांगेत आहे. 21 वर्षांची झाली की आईच्या अर्जातून तिचं नाव गळतं. आय-140 च्या निकालाला जेवढे दिवस लागले तेवढे वयातून वजा होतात, पण लेकीची फाईल जादा फी भरून लवकर झाली होती, त्यामुळे वजा व्हायला थोडेच दिवस आहेत. म्हणजे 2033 च्या आत फेब्रुवारी 2015 ची तारीख लागायला हवी.

दर महिन्याला नवं व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत नंबर लागला ते सांगणारं तिथलं सरकारी पत्रक, निघतं, त्या दिवशी लेक मला फोन करते. भारताच्या रांगेत तारीख किती पुढे गेली ते सांगते आणि मी ते कालनिर्णयवर लिहून ठेवते. कधी एक महिना, कधी दोन आठवडे, कधी काहीच नाही. मग नात फोन घेते आणि मराठीत विचारते, "आजी, किती पुढे गेलं?"

नमस्कार.