अनोळखी मशीनवर भरवसा कसा ठेवायचा?

[दृश्य: आरेसिबोची थाळी, वरून]
हा पोर्टो रिकोमधला आरेसिबोचा रेडिओ टेलिस्कोप. 305 मीटरची थाळी, डोंगरातल्या खळग्यात बसवलेली. आकाशातून आलेले सिग्नल इथे टेपवर भरले जायचे आणि त्या टेपा चक्क टपालाने कॅलिफोर्नियात बर्कलीला जायच्या. 1999 च्या मे महिन्यात सेटी ॲट होम, म्हणजे परग्रहावरच्या जीवांचे सिग्नल लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर शोधायचं काम, सुरू झालं ते ह्याच टेपांवर.

[दृश्य: स्क्रीनसेव्हर]
आणि हा तो स्क्रीनसेव्हर, आठवतोय ना? ह्या रंगीत आलेखामागे आकाशातला जेमतेम 107 सेकंदांचा तुकडा असायचा, घरातलं मशीन रिकामं बसलं की तो तपासायला घ्यायचं. लाखो लोकांनी हे केलं, फुकट, स्वतःच्या विजेवर.

पण आलेलं उत्तर बरोबर आहे कशावरून? कोणाचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून, तापलेला, कोणाची रॅम खराब, आणि काही जण तर नुसतं जास्त काम करणाऱ्यांच्या यादीत वर दिसायला प्रोग्रॅममध्येच फेरफार करून खोटे रिझल्ट पाठवायचे.

[दृश्य: सर्व्हर रूम]
मग बर्कलीच्याच लोकांनी असे प्रोजेक्ट चालवायला बॉइंक नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, त्यात एकच तुकडा दोन वेगवेगळ्या लोकांकडे जातो, दोन्ही उत्तरं जुळली तरच ती धरली जातात आणि क्रेडिटही, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, तेव्हाच मिळतं, नाही जुळली तर तिसऱ्याकडे. त्यातही दशांशातले शेवटचे आकडे प्रोसेसरप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून जुळवताना थोडी सूट द्यावी लागते, नाहीतर प्रामाणिक माणूस उगाच खोटा ठरायचा. आणि जे मशीन सलग बरोबर उत्तरं देत आलंय त्याचं एकट्याचं उत्तरही चालतं, तरी मधूनच न सांगता त्याचीही तपासणी होतेच. पदवी विचारत नाहीत, देश विचारत नाहीत, काम तपासतात, आणि सगळ्यांचं सारखंच. ह्यात कसलाच अपमान नाही, उलट म्हणूनच घरातल्या साध्या पीसीचं उत्तर शास्त्रज्ञांना वापरता येतं.

[दृश्य: पल्सारचा आलेख]
2010 मध्ये आरेसिबोच्याच डेटात बॉइंकवरच चालणाऱ्या आइन्स्टाइन ॲट होम ह्या दुसऱ्या प्रोजेक्टला नवा पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ सिग्नल देणारा फिरता तारा, सापडला. अमेरिकेत आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीत माइन्झचा एक जण, दोन्हीकडून तेच उत्तर आलं, आणि सायन्स ह्या नियतकालिकातल्या पेपरात तिघांची नावं छापून आली.

2020 च्या मार्चमध्ये सेटी ॲट होमने नवीन काम पाठवणं थांबवलं, डिसेंबरमध्ये टेलिस्कोप कोसळला. आइन्स्टाइन ॲट होम मात्र चालू आहे, बॉइंक टाकून प्रोजेक्ट निवडला की तुमच्याकडेही तुकडे यायला लागतील.