शीड फाटलं की शिवण उसवली?

नमस्कार श्रोतेहो.

नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांवरची झापं निघतात, डागडुजी सुरू होते आणि जूनपासून माळ्यावर कोंबलेलं शीड खाली उतरतं. ते अंगणात उलगडलं की घरातलं कोणीतरी हमखास 'अरे देवा' म्हणतं. उंदरांनी काम केलेलं असतं, नाहीतर बुरशीनं. नाहीतर गेल्या मोसमात जे 'नंतर बघू' म्हणून ठेवलं होतं, ते आता हातभर झालेलं असतं.

आता शिडं उरलीत कोणाकडे, असं तुम्ही विचाराल. खरं आहे. इंजिनं आली आणि शिडं आडगळीत गेली. तरी राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्यात माणसं नेणाऱ्या शिडाच्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील. आणि आमच्यासारखे काही हौशी आहेत, लहानशी उलांडीची, म्हणजे तोल धरायला बाजूला ओंडका बांधलेली, होडी घेऊन सकाळी मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. हौस म्हटली की खिसा हलका असतोच, म्हणून आजचा विषय.

माझं शीड फाटलं ते असंच परतताना. फर्रकन आवाज झाला आणि मधोमध उजेड दिसायला लागला. नवं शीड घ्यायचं म्हणजे काय खर्च येईल, या हिशेबानं माझं तोंड उतरलं होतं. शेजारचे तात्या, जन्मभर तांडेलकी, म्हणजे होडीची कप्तानी, केलेले, त्यांनी शीड पायरीवर पसरलं, फाटलेल्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "कापडाक काय एक होवक नाय रे. दोरो कुसलो."

मी नीट पाहिलं. शीड अखंड कापडाचं नसतं, पट्टे जोडून शिवलेलं असतं. फाटलं म्हणत होतो ते कुठेच फाटलं नव्हतं, दोन पट्ट्यांमधली शिवण उसवली होती. जुन्या सुती शिडात दोरा कापडात रुतून बसायचा. हल्लीचं पॉलिएस्टरचं कापड कडक, टाका त्याच्या वरच राहतो. ऊन पहिलं त्यालाच लागतं आणि काठीला, दोरीला घासतोही तोच. म्हणून पुष्कळदा दोरा आधी मरतो, कापड धडधाकट असतं.

तेव्हा पैसे काढण्याआधी दोन गोष्टी करून बघा. शिवणीचा एखादा टाका दाभणाच्या टोकानं उचला. तो सहज तुटला तर बाकीचेही तसेच असणार, सगळ्या शिवणी नव्यानं घालायच्या. मग फाटलेल्या जागेजवळचं कापड दोन्ही चिमटीत धरून ओढा. कागदासारखं टरकलं तर ते कापड संपलं. त्यावर ठिगळ लावलं तर फाट ठिगळाच्या कडेला सरकेल, एवढंच.

हे मी अनुभवानं सांगतो. त्याआधीच्या वर्षी मी जुन्या विरलेल्या शिडाला नव्याकोऱ्या जाड कॅनव्हासचं ठिगळ लावलं होतं. दिसायला झकास. पहिल्याच जोरदार वाऱ्यात ठिगळ जसंच्या तसं राहिलं आणि त्याच्या चारही बाजूंनी शीड सुटलं. ठिगळाला कापड शिडाच्याच वजनाचं हवं. दुसऱ्या कोणाचं टाकून दिलेलं शीड मिळालं तर त्याच्यासारखी चीज नाही. त्यातला घट्ट भाग शोधायचा आणि तुकडे कापून ठेवायचे.

ठिगळ लावण्याआधी शीड गोड्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळवा. मीठ राहिलं की ते ओल धरतं आणि चिकटपट्टीही बसत नाही. मग सपाट लादीवर पसरून फाटलेल्या कडा न ताणता एकमेकींना भिडवा. मागून चिकटपट्टी लावा म्हणजे हलणार नाहीत. ठिगळ फाटीच्या चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर तरी मोठं हवं, कोपरे गोल कापलेले, आणि त्याचे उभे-आडवे धागे शिडाच्या धाग्यांशी जुळलेले. तिरकं लावलं तर कापड एकीकडे ताणतं, दुसरीकडे चुण्या पडतात. आधी ठिगळाची कड शिवायची, मग शीड उलटून फाटलेल्या कडा ठिगळाला शिवून टाकायच्या. सुती कापडाची कड आत दुमडा, पॉलिएस्टरची तापल्या सुरीनं कापा म्हणजे धागे सुटत नाहीत. दोऱ्याला मेण चोळा. आणि टाके फार जवळ घालू नका. बारीक टाके म्हणजे मजबुती, असं बायका ब्लाऊजच्या बाबतीत म्हणतात ते बरोबर, पण शिडात जवळजवळची भोकं पडली की ते टपालाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं.

पण माझ्यासारखं सगळ्या शिवणी उसवून नव्यानं घालायच्या असतील तर हातानं करू नका, बोटं राहायची नाहीत. कुठे जाल? मी शिंप्याकडे गेलो. त्यानं शिडाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि हात जोडले. शेवटी कुडाळला रिक्षांची हुडं शिवणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे जाड कापड ओढणारं मशीन, मोठं टेबल आणि मजबूत दोरा, सगळं असतं. फक्त दोरा कोणता ते आपण सांगायचं. नायलॉनचा ताणतो आणि उन्हात लवकर जातो, म्हणून पॉलिएस्टरचाच. पांढऱ्या शिडावर निळा घ्या, कुठे झिजला ते लांबून कळतं. मशीनवर नागमोडी टीप येत नसेल तर शेजारी शेजारी दोन सरळ टिपा घालून घ्या. शीड दोन्ही बाजूंनी गुंडाळून धरायला आपण स्वतः थांबायचं. एकट्याला आवरत नाही.

कापडच मेलं असेल तर मात्र नवं. चार मीटर पायाचं आणि सहा मीटर उंचीचं त्रिकोणी शीड म्हणजे बारा चौरस मीटर. नव्वद सेंटीमीटर पन्ह्याच्या कापडात शिवणी, दुमडी आणि तिरका काट धरून सोळा-सतरा मीटर कापड लागतं. जुनं शीड टाकू नका, तोच तुमचा नमुना. त्याच्या कडेची दोरी आणि धातूच्या रिंगा काढून वापरता येतात. ताडपत्रीचं शीड एखाद्या मोसमाला चालतं, नंतर उन्हानं पापडासारखं होतं. निवडणुकीनंतर उरलेल्या फ्लेक्सचं शीड करायचा सल्ला मला तिघांनी दिलाय. ते जड असतं, वाऱ्यात पोट धरत नाही, आणि होडीवर कोणाचा चेहरा मिरवायचा हाही प्रश्न आहेच.

माझं शीड त्या हूडवाल्यानं दोन दुपारी बसून शिवलं. कापडाला एक पैसा लागला नाही. बिल लिहिताना तो अडला, शिडाला त्याच्या वहीत रकानाच नव्हता. मग त्यानं लिहिलं, 'रिक्षा हूड, मोठं, एक.' ते बिल मी जपून ठेवलंय.