अकरा ओळींचा पॅच आणि विहिरीवरचा बोर्ड: यूएसबी पीडीचा बदल कसा तपासायचा

नमस्कार मंडळी. आज टेबलावर एक चार्जर आहे, दोन केबली आहेत आणि स्क्रीनवर अकरा ओळींचा एक पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, आहे. लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या, म्हणजे आपल्या पीडीच्या, कोडमधला बदल. चार्जर आणि उपकरण किती वीज द्यायची-घ्यायची ते आपसात ठरवतात, ती पीडी. हा पॅच समजावण्यासाठी मीच लिहिलाय, तेव्हा कोणाचा आहे म्हणून शोधत बसू नका.

बरेच जण विचारतात, भाऊ, दारव्ह्याकडच्या खेड्यात बसून कर्नलचा रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यांच्या पॅचची तपासणी, काय करणार? माझं म्हणणं उलटं आहे. पीडीचा कोड जिथं फसतो त्या जागा आपल्याइथं रोज तपासल्या जातात. काहून ते पुढं येईलच.

आधी थोडकी ओळख. टाइप-सीसाठी कर्नलमध्ये स्वतंत्र व्यवस्था आली ती ४.१२ मध्ये, २०१७ साली. ड्रायव्हर्स, त्यात यूएसबी, त्यात टाइपसी, असा फोल्डर. त्यातली मुख्य फाईल टीसीपीएम डॉट सी. ही एक भलीमोठी स्टेट मशीन आहे. केबल लागली, चार्जरनं यादी पाठवली, आपण मागणी केली, त्यानं होकार दिला, व्होल्टेज बदललं, प्रत्येक पायरीला एक स्टेट. चिपशी बोलणारा ड्रायव्हर वेगळा असतो, जसा एफयूएसबी३०२ चा. हे सगळं बोलणं सीसी नावाच्या तारेवरून होतं, डेटाच्या तारांशी त्याचा संबंध नाही.

(स्क्रीनवर पॅच)

आता पाहा. पॅचचं शीर्षक म्हणतं, ‘पोर्ट रिसेटचा कोड सुटसुटीत केला’. पोर्ट रिसेट म्हणजे एरर आली की जोडणी पहिल्यापासून सुरू करणं. आधी तिथं एक अट होती: सेल्फ-पॉवर्ड असेल तर सीसी ओपन करा, म्हणजे मोकळी सोडा, नसेल तर तिच्यावरचा आपला रोध (रेझिस्टर) तसाच लावून ठेवा. पॅचनं अट काढली. आता सीसी सरसकट ओपन. कोड खरंच सुटसुटीत दिसतो, वाचायलाही बरा वाटतो. कंपाइल होतो, चेकपॅच, म्हणजे पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट, एक शब्द बोलत नाही. लिहिणाऱ्यानं लॅपटॉपवर चालवून पाहिला असेल तर तिथंही काहीच झालं नसेल.

सेल्फ-पॉवर्ड म्हणजे काय? ज्याला यूएसबीशिवाय दुसरीकडून वीज आहे ते. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय-काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या यादीत, कनेक्टरच्या नोंदीत तसं लिहावं लागतं. लॅपटॉपला बॅटरी आहे. पण आमच्या विहिरीवरच्या खोलीत जो छोटा बोर्ड आहे, रोही आणि रानडुकरं कपाशीत शिरतात म्हणून कॅमेरा चालवतो तो, त्याला बॅटरी नाही. टाइप-सीची एकच केबल, तीच त्याचा जीव.

आता क्रम लक्षात घ्या. टाइप-सीचा नियम असा की घेणाऱ्याच्या बाजूला ५.१ किलोओहमचा रोध सीसीवर दिसेपर्यंत चार्जर व्हीबसवर, म्हणजे केबलमधल्या विजेच्या तारेवर, वीज सोडत नाही. रोध दिसेनासा झाला की वीज काढून घेतो. काही कारणानं एरर आली, कर्नलनं पोर्ट रिसेट केला, सीसी ओपन झाली. चार्जर म्हणाला, केबल निघाली वाटतं. वीज बंद. बोर्ड बंद. चिपची वीज गेली तरी तिच्या आतला रोध सीसीवर येतो, बॅटरी संपलेल्या फोनसाठी ती सोय असते. चार्जरला तो दिसला, त्यानं ५ व्होल्ट सोडले, बोर्ड बूट व्हायला लागला, ड्रायव्हर लोड झाला, पुन्हा तीच एरर. रात्रभर हेच. लॉगमध्ये काही सापडणार नाही, कारण लॉग डिस्कवर जायच्या आतच वीज गेलेली असते.

म्हणून पीडीचा पॅच हातात आला की मी आधी एकच गोष्ट पाहतो: या बदलानंतर व्हीबस कधी शून्यावर जाऊ शकतं? सीसीला हात लावलाय का, हार्ड रिसेट आधीपेक्षा लवकर किंवा जास्त वेळा जाईल का. हार्ड रिसेटमध्येही चार्जर व्हीबस खाली आणून परत वर नेतो. लॅपटॉपला ते कळतही नाही. बिनबॅटरीच्या बोर्डासाठी ती लाईन जाणंच आहे.

आणि लाईनीचं आपल्याला कोणी सांगायला नको. शेतीच्या फीडरवर थ्री फेज आली की शिवारातले सगळे ऑटो स्टार्टर एकदम मोटरी उचलतात. व्होल्टेज बदकन पडतं, चार्जर मान टाकतो, दोन क्षणांनी परत उभा राहतो. चांगल्या लॅबमध्ये हे मुद्दाम घडवावं लागतं. आपल्याकडं ते फुकट मिळतं.

दुसरी जागा, वेळ. चार्जरची यादी आली की साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत मागणी जायला हवी. नाही गेली तर चार्जर हार्ड रिसेट करतो. म्हणून टीसीपीएमचं काम वेगळ्या थ्रेडवर, रिअल-टाइम प्राधान्यानं चालतं. आता कोणी भला माणूस डीबग करायला सोपं जावं म्हणून त्याच वाटेवर चार ओळी छापतो. सिरीअल कन्सोल, म्हणजे हे छापलेलं जिथून बाहेर पडतं ती तार, १,१५,२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) असेल तर शंभर अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात. चार ओळी, ३५ मिलिसेकंद. झाला कार्यक्रम. गंमत अशी की कन्सोल बंद केला की बिघाडही गायब. टीसीपीएमचा स्वतःचा लॉग डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या डीबगसाठीच्या फाईलींत, असतो, छापायचं ते तिथं छापा.

तिसरं, एककं. इथं डोळ्यात तेल घालून वाचावं लागतं. चार्जरची प्रत्येक ऑफर ३२ बिटांची असते. फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजच्या, ऑफरमध्ये व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या पटीत आणि करंट १० मिलिअँपिअरच्या पटीत. म्हणजे ९ व्होल्ट, ३ अँपिअरसाठी आकडे १८० आणि ३००. पीपीएस, म्हणजे बारीक पायऱ्यांनी व्होल्टेज मागायची सोय, असेल तर ऑफरमध्ये व्होल्टेज १०० मिलिव्होल्टच्या पटीत, पण मागणी करताना २० च्या. कोडच्या आत बहुतेक ठिकाणी मिलिव्होल्ट. आणि पॉवर सप्लायच्या फाईलमधून बाहेर दाखवायचं ते मायक्रोव्होल्टमध्ये. एक हजारानं गुणायचं राहिलं तर ९ व्होल्टचे ९ मिलिव्होल्ट दिसतात आणि वरचं सॉफ्टवेअर म्हणतं चार्जरच नाही. व्हेरिएबलच्या नावात एमव्ही (मिलिव्होल्ट) किंवा यूव्ही (मायक्रोव्होल्ट) नसेल तर मी सरळ तशी टिप्पणी टाकतो. नखरेलपणा वाटला तर वाटो.

बाकी नेहमीचं: प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर सुरू होताना, एरर आली तर घेतलेलं सगळं परत सोडलंय का, ड्रायव्हर काढताना इंटरप्ट, म्हणजे चिपकडून येणारी हाक, आधी बंद होतो का. हे कुठल्याही ड्रायव्हरला लागू आहे, त्यावर आज वेळ घालवत नाही.

टिप्पणी कशी लिहायची? ‘हे चूक आहे’ एवढं लिहून भागत नाही. आपल्या पॅचखाली मी असं लिहीन: ‘सेल्फ-पॉवर्ड नसलेल्या बोर्डवर इथं सीसी ओपन केली तर चार्जर व्हीबस काढेल आणि बोर्ड रिसेट होत राहील. ती अट याचसाठी होती. ती ठेवून बाकीचा बदल पाठवता येईल का?’ कारण, परिणाम, वाट. आणि अट ठेवली तर त्यावर दोन ओळींची कमेंटही मागून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा कोणी ती ‘सुटसुटीत’ करेल.

कोड वाचायचा आत्मविश्वास नसेल तर चालवून तरी पाहा. टेस्टेड-बाय ही नोंद त्यासाठीच असते. पीडीचा चार्जर लावा, मग साधा जुना ए-टू-सी केबलवाला लावा, त्याला पीडी कळत नाही, तिथं ५ व्होल्टवर गप चालायला हवं. टाइप-सीचं टोक उलटं करून लावा, कारण सीसीच्या पिना दोन आहेत आणि दुसरी पिन बरेचदा कोणी तपासलेलीच नसते. केबल लावलेली असतानाच बूट करा. चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून लगेच चालू करा. नोंदीत चार्जर किती वॅटचा, केबल कोणती, बोर्ड कोणता, बॅटरी आहे की नाही हे लिहा. पाठवायचं कोणाला ते गेट-मेंटेनर नावाची स्क्रिप्ट सांगते, ती कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरातच आहे.