दक्षिणावर्ती

(जवळून: शंखाचं शिखर, मग सावकाश खाली)

हा शंख नीट बघा. शिखराशी बारीक वेटोळं सुरू होतं, फेऱ्याफेऱ्याला रुंदावत जातं आणि मोठ्या तोंडाशी येऊन उघडतं. हे वेटोळं म्हणजे आवर्त. आवर्त उजवीकडचं असेल तर शंख दक्षिणावर्ती, डावीकडचं असेल तर वामावर्ती. देवघरात नेहमी दिसतो तो वामावर्ती. दक्षिणावर्ती फार दुर्मीळ, म्हणून तो विष्णूचा, लक्ष्मीचा मानला गेला.

प्राणिशास्त्राच्या पुस्तकात मात्र हाच दुर्मीळ शंख ‘डावा’ ठरतो. दोघांचंही बरोबर आहे. शास्त्रज्ञ शिखर वर धरून तोंड आपल्याकडे करतात, तेव्हा ते डाव्या हाताला येतं. परंपरेत अभिषेकाचं पाणी जिच्यातून सोडतात ती पन्हळ वर धरतात, की तोंड उजव्या हाताला. शंख तोच, आतला पीळही तोच.

शंख म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं कवच. मग हा पीळ पडतो कधी? तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीवर याचा फार सुंदर अभ्यास झाला आहे. अंड्यात चार पेशींच्या आठ होताना वरच्या चार पेशी किंचित वळतात. कवच कुठल्या बाजूला वळणार, ते तेव्हाच दिसतं. आणि हे ठरवतात आईची जनुकं, पिल्लाची स्वतःची नव्हे! 1923 साली अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी हे कोडं उलगडलं. पिल्लाच्या जनुकांत डावं वळण असलं तरी आईची जनुकं उजव्या वळणाची असली, तर कवच उजवंच होतं. ते डावेपण दिसतं पुढच्या पिढीत.

(दोन शंख शेजारी शेजारी)

आता बाजारातली गोष्ट, कारण इथे भाविकांची सर्रास फसवणूक होते आणि त्याची चीड येते. पूजेचा खरा शंख, शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम, मन्नारच्या आखातातला आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरचा. शेजारचा लाइटनिंग व्हेल्क, अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वेगळ्याच जातीचा. त्याच्या जातीत हेच वळण नेहमीचं, त्यात दुर्मीळ काहीच नाही. तरी ‘दक्षिणावर्ती’ म्हणून तोच भरमसाट किमतीला गळ्यात मारतात.

ओळखायचं कसं? तोंडातून आत, मधल्या खांबाकडे बघा. खऱ्या शंखाच्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या असतात, बोटाला लागतात. व्हेल्कला तशा वळ्या नसतात. दुकानदाराने आत बोट घालू दिलं नाही, तर पैसे काढूच नका.